पसरलेली गाठ आणि सर्जनची सुरी

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या वरणगावात घरोघर धन्वंतरीपुढे धणे-गुळाचा नैवेद्य ठेवतात. गेल्या वर्षी त्याच संध्याकाळी शेजारच्या काकूंनी माझ्या हातावर धणे-गूळ ठेवला आणि तिथेच उंबरठ्यावर बसून घेतले. त्यांचे यजमान, ज्यांना सारी आळी नाना म्हणते, नुकतेच मुंबईला दाखवून आले होते. स्वादुपिंडात गाठ निघाली होती आणि तिची पिले यकृतात पसरली होती. इकडच्या एका डॉक्टरांनी कागद पाहून हात जोडले होते. मुंबईचे डॉक्टर मात्र शस्त्रक्रिया करू म्हणत होते.

"गुरुजी, तुम्ही पुस्तके वाचता, पुस्तके लिहिता," काकू म्हणाल्या, "मला एवढेच सांगा. जे आधीच पसरले आहे, त्यावर सुरी चालवून काय व्हायचे? माणसाचे हालही व्हायचे आणि शेताचा तुकडाही जायचा, असे तर नाही ना?"

मी कादंबऱ्या लिहितो आणि मुलांना शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. त्या रात्री मला काही उत्तर देता आले नाही. पण प्रश्न मनातून जाईना. मग वर्षभर, जे मिळेल ते, ज्याला विचारता येईल त्याला विचारीत, मी त्या प्रश्नाचा माग काढला. हा माग शंभर वर्षे मागे जातो, परदेशातून फिरतो आणि शेवटी आपल्या परळला येऊन पोचतो. दिवाळीच्या अंकात आजाराची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण धन्वंतरीचा दिवसही दिवाळीतच येतो, नाही का?

प्रथम त्या अवयवाची ओळख करून घेऊ. स्वादुपिंड हे जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवे टेकून असते. लांबी जेमतेम वीतभर. त्याचे एक काम पाचकरस करून लहान आतड्यात सोडण्याचे. दुसरे काम फार काळ कोणाला ठाऊकच नव्हते. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्याला या पिंडात पेशींचे वेगळेच पुंजके दिसले. समुद्रात बेटे दिसावीत तसे. ते कशासाठी आहेत हे सांगता येत नाही, असे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले. पुढे त्या पुंजक्यांना त्याचेच नाव मिळाले. ही बेटे रस नळीत सोडीत नाहीत. ती आपला स्राव सरळ रक्तात सोडतात. त्यातलाच एक इन्शुलिन. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी तो वेगळा काढला आणि मधुमेहाच्या दारातून मरण थोडे मागे हटले.

इन्शुलिन कमी पडले की मधुमेह होतो; मग ते जास्त झाले तर? १९२४ साली अमेरिकेतल्या सील हॅरिस या डॉक्टरांनी हीच शंका काढली. त्यांना असे रोगी दिसले होते की जे उपाशीपोटी घामाघूम होत, भ्रमिष्टासारखे वागत आणि काही गोड पोटात गेले की ताळ्यावर येत. आपल्याकडे असा माणूस पाहिला असता, तर त्याला आधी मांत्रिकाकडे नेले असते, आणि अंगारा लावून झाल्यावर प्रसादाचा गूळ खाऊन तो शुद्धीवर आला की श्रेय अंगाऱ्याला मिळाले असते.

आता मुख्य प्रसंग. १९२६ साली अमेरिकेतील रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये असाच एक रोगी आला. तो स्वतः डॉक्टर होता. रक्तातली साखर सारखी खाली जायची. वरचेवर खायला मिळाले नाही तर शुद्ध हरपायची. विल्यम मेयो या नामांकित सर्जनने त्याचे पोट उघडले. स्वादुपिंडात गाठ होती. पण यकृतातही तिच्या गाठी पेरलेल्या होत्या. करण्यासारखे काही नव्हते. पोट शिवून टाकले. रोगी वाचला नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण रसेल वाइल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या यकृतातल्या गाठींचा अर्क काढून सशांना टोचला, तेव्हा सशांच्या रक्तातली साखर खाली आली. १९२७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याचा अर्थ असा, की पिले घर सोडून दूर यकृतात जाऊन राहिली, तरी आईचा धंदा विसरली नव्हती. ती इन्शुलिनच करीत होती. वाचकहो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचा सारा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे.

दोनच वर्षांनी, १९२९ साली, टोरांटोच्या रॉस्को ग्रॅहम या सर्जनने अशीच एक गाठ न पसरलेल्या अवस्थेत गाठली आणि काढली. रोगी बरा झाला. एका ठिकाणी सुरी हरली, दुसऱ्या ठिकाणी जिंकली. मधले अंतर फक्त 'पसरली' आणि 'पसरली नाही' एवढे. तेव्हापासून वैद्यकाच्या मनात ती रेघ पक्की झाली. आमच्या काकूंच्या प्रश्नात बोलत होती ती हीच रेघ.

न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांनी त्याच सुमारास अशा गाठी ओळखण्याची तीन खुणांची कसोटी घालून दिली : उपाशीपोटी झटके, त्या वेळी रक्तातली साखर खाली, आणि साखर देताच आराम. १९३५ साली त्यांनी स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागाची मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आज तिला त्यांचेच नाव आहे. तिच्यात पिंडाचे डोके, लहान आतड्याची पहिली कमान, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा भाग काढावा लागतो. मग उरलेला पिंड, पित्तनलिका आणि जठर अशी तीन टोके आतड्याला पुन्हा जोडावी लागतात. त्यातला पिंडाचा जोड सर्वांत नाजूक, कारण त्यातून गळलेला रस आपल्याच मांसाला पचवू लागतो. गाठ शेपटाकडे असेल तर काम थोडे सोपे. शेपूट काढायचे आणि बहुधा त्याला चिकटलेली प्लीहाही काढायची.

पसरलेल्या गाठींपुढे मात्र सर्जन बराच काळ वेगळ्याच वाटा शोधीत होते. १९५५ साली अमेरिकेतील झोलिंजर आणि एलिसन यांनी दोन रोग्यांची हकीकत सांगितली. त्यांच्या पोटातले व्रण काही केल्या बरे होत नव्हते. दोष स्वादुपिंडातल्या बेटांच्या गाठीचा होता. तिच्या स्रावामुळे जठरात आम्लाचा पूर येत होता. अशा गाठी पुष्कळदा पसरलेल्या असत किंवा सापडतच नसत. तेव्हा सर्जनांनी काय करावे? त्यांनी अख्खे जठरच काढायला सुरुवात केली! पूर अडवता येत नाही, तर शेतच हलवा. आज हे ऐकून अंगावर काटा येतो. पण त्याने माणसे वाचली. पुढे आम्ल रोखणारी औषधे निघाली आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली. औषधाने सुरीला रजा दिली, असे हे उदाहरण. उलट घडल्याचे उदाहरण पुढे येईलच.

आता एक भेद सांगितला पाहिजे, नाही तर वाचकांच्या मनात गोंधळ होईल. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी गेले. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता. त्या नावाने जो रोग सहसा ओळखला जातो, तो रसाच्या नळ्यांतून उगवतो आणि वणव्यासारखा पळतो. बेटांच्या पेशींतून उगवणारी गाठ निराळी. तिला न्यूरोएंडोक्राइन गाठ म्हणतात. स्वादुपिंडाच्या गाठींत तिचा वाटा फार थोडा. मार्च २०१८ मध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन गाठ असल्याचे सांगितले, तेव्हा हे नाव आपल्याकडे घरोघर पहिल्यांदा ऐकले गेले. ते २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत वारले. अमेरिकेतले स्टीव्ह जॉब्स यांच्या स्वादुपिंडात हीच गाठ २००३ साली सापडली. त्यांनी शस्त्रक्रिया नऊ महिने लांबवली. ती २००४ साली झाली. पुढे २००९ साली यकृत बदलावे लागले, आणि २०११ च्या ऑक्टोबरात ते गेले. सापडल्यापासून आठ वर्षे. यकृत बदलण्याचा हा मार्ग फार थोड्या, पारखून निवडलेल्या रोग्यांनाच मोकळा असतो.

या गाठींतही सगळ्या सारख्या नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पेशी मोजून त्यातल्या किती पेशी दोन होण्याच्या तयारीत आहेत हे पाहतात. तीनपेक्षा कमी असतील तर गाठ संथ. तीन ते वीस असतील तर मध्यम. विसाच्या वर गेल्या तर उतावळी. संथ गाठ पसरलेली असली, तरी कधी कधी वर्षानुवर्षे आपल्या चालीने चालते. उतावळ्या गाठीपुढे, त्यातही जिच्या पेशी ओळखू न येण्याइतक्या बिघडल्या आहेत तिच्यापुढे, सुरीचा फारसा उपयोग नाही. म्हणजे 'पसरली का?' या प्रश्नाइतकाच 'कोणत्या चालीने पसरते आहे?' हा प्रश्न मोठा. जुन्या रेघेने पहिलाच प्रश्न विचारला. दुसरा विचारायला अर्धे शतक जावे लागले.

मग सर्जन पुन्हा यकृताकडे वळले. गाठी यकृतातच का जातात? कारण स्वादुपिंडाचे रक्त थेट यकृताच्या वाटेने जाते. बी वाहून नेणारा पाटच तो. पण यकृताला एक वरदानही आहे. त्याचा मोठा भाग कापला तरी उरलेला भाग वाढून काम सांभाळतो. एका बाजूची रक्तवाहिनी आधी बंद केली, की दुसरी बाजू काही आठवड्यांत वाढते, आणि मग आजारी बाजू काढता येते. काही गाठी कापून, काही सुईने जाळून, असे दोन-तीन मार्ग एकत्र वापरता येतात. पूर्वीचा दंडक असा, की निदान ९० टक्के गाठी काढता येत असतील तरच हात घालावा. अलीकडे काही सर्जन ७० टक्क्यांपर्यंतही समाधान मानतात. गाठ स्राव करणारी असेल, तर ओझे कमी झाले की स्रावही कमी होतो, आणि रोग्याचे झटके, जुलाब, व्रण हलके होतात.

२००३ साली एका रुग्णालयाने यकृतात पसरलेल्या अशा गाठींच्या १७० शस्त्रक्रिया केलेल्या रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांत आतड्याच्या गाठीही होत्या आणि स्वादुपिंडाच्याही. पाच वर्षांनी शंभरातले ६१ जण हयात होते, दहा वर्षांनी ३५. आणि ते रुग्णालय कोणते? मेयो क्लिनिक. १९२६ साली यकृतातल्या गाठी पाहून जिथे पोट शिवून टाकावे लागले, तेच. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

परंतु मास्तराने अर्धे गणित फळ्यावर ठेवून जाऊ नये. त्याच हिशेबात असेही लिहिले आहे, की पाच वर्षांत शंभरातल्या ८४ जणांचा रोग परतला. म्हणजे बहुतेकांना ही सुरी रोगमुक्ती देत नाही. ती वर्षे देते. दुसरे असे, की शस्त्रक्रियेसाठी निवडलेले रोगी मुळातच जास्त धडधाकट, त्यांची गाठ जास्त संथ. निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना नाही, अशी चिठ्ठ्या टाकून रोख परीक्षा या बाबतीत झालेली नाही. म्हणून आकड्यांतले किती श्रेय सुरीचे आणि किती गाठीच्या स्वभावाचे, हा वाद जाणत्या डॉक्टरांतही आहे. एकाने हात जोडावेत आणि दुसऱ्याने सुरी हाती घ्यावी, याचे कारण दरवेळी अज्ञान किंवा लोभ असे नसते.

आता परळला येऊ. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजीही वारले. त्यांच्या न्यासाच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. गाठीचा स्वभाव ओळखणारी प्रयोगशाळा तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभी केली. भारतातल्या रोगनिदानशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. मूळचे गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या सुरीने त्या रुग्णालयाचे नाव देशभर नेले. रुग्णालयासमोरचा रस्ता आज त्यांच्याच नावाचा आहे. १९६२ साली हे रुग्णालय केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे गेले. कर्करोगाचे रुग्णालय आणि अणुखाते, हे काय लग्न, असे तेव्हा पुष्कळांना वाटले असेल. त्यामागे होमी भाभांची दृष्टी होती. १९६३ साली परळलाच किरणोत्सारी औषधांचे केंद्र, रेडिएशन मेडिसिन सेंटर, निघाले. १९८५ साली तुर्भ्याच्या भाभा केंद्रात 'ध्रुव' ही अणुभट्टी पेटली. हे तिन्ही धागे या आजारापाशी कसे एकत्र आले, ते पाहा.

मेयोच्या सशांची आठवण ठेवा म्हणालो होतो. पिले आईचा धंदा विसरत नाहीत, तशी आईच्या घराची कुलुपेही विसरत नाहीत. १९७३ साली अमेरिकेत सोमॅटोस्टॅटिन नावाचा एक स्राव शोधला गेला. तो बेटांच्या पेशींना 'थांबा' म्हणतो. या गाठींच्या पेशींवर त्याची कुलुपे पुष्कळ असतात. त्या कुलपाला बसणारी किल्ली शास्त्रज्ञांनी बनवली. किल्लीला मंद किरणांचे द्रव्य बांधले, की अंगात गाठी कुठे कुठे आहेत त्याचे चित्र निघते. तीव्र किरणांचे ल्युटेशियम बांधले, की ती किल्ली गाठीच्या पेशीत शिरून तिला आतून भाजते; किरण दोन मिलिमीटरच्या पलीकडे फारसे जात नाहीत. या ल्युटेशियमचा जोर साडेसहा दिवसांत निम्मा होतो, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. करायचे आणि वापरायचे. आपल्याकडे ते तुर्भ्याच्या 'ध्रुव' भट्टीत तयार होते आणि परळच्या रोग्यांना मिळते.

आमच्या वरणगावात १९६४ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. बंदुकीची गोळी म्हणजे काय हे इथे पोराटोरांना कळते. वर्गात मी हे ल्युटेशियम समजावले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, पत्ता लिहिलेली गोळी!" मला याहून चांगले सांगता आले नसते.

आणि हीच ती दुसरी गोष्ट, जिथे औषधाने सुरीला रजा न देता उलट बोलावून घेतले. परळच्या डॉक्टरांनी २०२१ साली ५७ रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. या सर्वांच्या गाठी, कोणाची स्वादुपिंडात, कोणाची आतड्यात, मोठ्या रक्तवाहिन्यांना अशा वेढून बसल्या होत्या की काढता येत नव्हत्या. त्यांना आधी ल्युटेशियम दिले. त्यानंतर ५७ पैकी १५ जणांच्या गाठी काढण्याजोग्या झाल्या. पंधरा हा आकडा लहान वाटेल. उरलेल्या ४२ जणांचाही विचार मनात ठेवूनच तो वाचावा. पण ज्यांना 'आता सुरीचे काम नाही' असे सांगावे लागले होते, त्यांच्यातले हे पंधरा. या अहवालात अणुवैद्यकाचे डॉ. संदीप बसू आहेत आणि स्वादुपिंडाचे सर्जन डॉ. शैलेश श्रीखंडे आहेत. श्रीखंडे हे नाव जुन्या वाचकांना ओळखीचे वाटेल. त्यांचे वडील डॉ. वि. ना. श्रीखंडे यांचे '...आणि दोन हात' हे आत्मचरित्र अनेक मराठी घरांत आहे. एका पिढीने हातांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या पिढीच्या हातांना अणुभट्टीची मदत मिळाली.

हे सगळे मला कळले तोवर नानांची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. भुसावळहून रात्रीची गाडी, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत मुक्काम, सकाळी रांग. खानदेशातल्या किती कुटुंबांना ही वाट पाठ आहे! स्वादुपिंडाचे शेपूट आणि यकृताचा उजवीकडचा तुकडा काढला. शेताचा तुकडा वाचला नाही. अर्धा एकर विकावा लागला. पैशाची मदत कुठून मिळते, कोणते कागद लागतात, हे आम्हाला उशिरा कळले. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी विचारावे, एवढे मी अनुभवाने सांगतो.

श्रावणात नाना तपासणीला गेले, तेव्हा यकृतात दोन बारीक ठिपके दिसले. चाल संथ आहे. डॉक्टरांनी महिन्याचे एक इंजेक्शन लिहून दिले आहे आणि पुढे लागलेच तर ल्युटेशियम, असे सांगितले आहे. काकूंना मी त्या दिवशी ८४ चा आकडाही सांगितला आणि ६१ चाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सुरीने रोग नेला नाही, मुदत आणली." मी हो म्हणालो. "मुदत म्हणजे किती, ते काही ते सांगत नाहीत," त्या म्हणाल्या. तेही खरेच होते.

नानांच्या नातीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. काल नाना ओट्यावर बसून आकाशकंदिलाच्या काड्या बांधीत होते. त्यांनी मला हाक मारली आणि दोरा धरायला सांगितला.